गॅस बदलतो, गळती उरते

मुंबई-ठाण्यातल्या पंधरा-वीस वर्षं जुन्या एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूला उभं राहून वर पाहिलं, तर एसीची बाहेरची युनिटं मजल्यामागून मजला टांगलेली दिसतात. प्रत्येकावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल, व्होल्टेज, वजन आणि आत भरलेल्या गॅसचं नाव व माप छापलेलं असतं. २००८ साली बसवलेल्या युनिटवर बहुधा ‘आर-२२’ असेल. २०१५ च्या आसपासच्या युनिटवर ‘आर-४१०ए’ सापडेल, गेल्या चार-पाच वर्षांतल्यावर जवळजवळ नक्की ‘आर-३२’, आणि एखाद्यावर ‘आर-२९०’. एकाच भिंतीवर हे चार गॅस आले, त्यामागे कंपन्यांच्या आवडीनिवडीपेक्षा माँट्रियल, लंडन आणि किगाली या शहरांत झालेल्या वाटाघाटी जास्त आहेत. जगातल्या सरकारांनी एकेका वायूबद्दल घासाघीस केली, वेळापत्रकं ठरवली, आणि त्याचा परिणाम आपल्या खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या खोक्यापर्यंत येऊन पोचला.

ही वेळापत्रकं समजून घ्यायची तर आधी तो गॅस करतो काय, हे पाहायला हवं. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ही हमाली करणारा पदार्थ म्हणजे शीतक. घरातल्या कॉइलमध्ये द्रव शीतक कमी दाबाखाली उकळतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून घेतं. वायू झालेलं शीतक बाहेरच्या युनिटमधला कंप्रेसर दाबतो, तेव्हा ते चांगलंच तापतं. पंख्याच्या वाऱ्यानं बाहेरच्या कॉइलमध्ये ही उष्णता सोडून ते पुन्हा द्रव होतं, मग कॅपिलरीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब उतरतो आणि फेरा नव्यानं सुरू होतो. हा फेरा बंदिस्त असतो. पेट्रोलसारखं काही जळून संपत नाही. म्हणून ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असं मेकॅनिक सांगतो, तेव्हा खरं तर तांब्याच्या नळीला, जोडाला किंवा कॉइलला कुठंतरी भोक पडलेलं असतं आणि कारखान्यात भरलेला गॅस हवेत गेलेला असतो. या प्रकरणातलं पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंडावा देणाऱ्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरत. तिन्ही विषारी. घरातला फ्रिज गळला तर माणसं दगावण्याची भीती असे. १९२८ मध्ये जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांची संयुगं शोधली. ही संयुगं जळत नव्हती, त्यांना वास नव्हता, ती विषारी नव्हती. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीपुढं मिजलीनं हा वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडत मेणबत्ती विझवून दाखवली. याच सीएफसी कुळातलं आर-१२ पुढं घरोघरच्या फ्रिजमध्ये गेलं, आणि त्याचाच थोडा वेगळा भाईबंद आर-२२ एसीत स्थिरावला.

या वायूंचा मोठा गुण म्हणजे त्यांचं टिकाऊपण. ते कशाशीही सहजी संयोग पावत नाहीत. तोच गुण आपल्याला महागात पडला. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं, की खाली कशानंच न मोडणारे हे रेणू हळूहळू स्थितांबरात पोचतात, तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी फुटतात आणि मोकळा झालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू उद्ध्वस्त करतो. उद्योगजगतानं बरीच वर्षं याला निव्वळ गृहीतक म्हटलं. १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरची मोजमापं प्रसिद्ध केली. दर वसंतात तिथला ओझोन भयानक प्रमाणात विरळ होत होता. त्यानंतर दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करारावर सह्या झाल्या. पुढं जगातल्या झाडून सगळ्या देशांनी तो मान्य केला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुटझन यांच्यासोबत १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

माँट्रियल कराराचं यश सांगताना विज्ञानाचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. मला मात्र त्यातला पैशाचा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो. भारत आणि चीन सुरुवातीला करारात नव्हते. हवेत साठलेला बहुतेक सीएफसी श्रीमंत देशांनी सोडलेला होता, आणि फ्रिज आत्ता कुठं मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले असताना कारखाने बदलण्याचा खर्च आम्ही का सोसायचा, हा आपला प्रश्न होता. १९९० च्या लंडन बैठकीत त्याचं उत्तर निघालं. गरीब देशांचा बदलाचा खर्च उचलण्यासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून एक बहुपक्षीय निधी उभारायचा आणि विकसनशील देशांना जास्त मुदत द्यायची, असं ठरलं. १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. २००० साली ओझोनला घातक पदार्थांचे नियम देशात लागू झाले आणि १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसीचं उत्पादन थांबलं, अपवाद फक्त दम्याच्या पंपासाठी लागणाऱ्या औषधी वापराचा. हवामानबदलाच्या वाटाघाटींत ‘पैसा कोण देणार’ या प्रश्नावर गाडी अडून बसते, तेव्हा लंडनची ही तडजोड मला नेहमी आठवते.

सीएफसी गेला, तरी आर-२२ राहिला. तो एचसीएफसी कुळातला. त्याच्या रेणूत हायड्रोजन असल्यामुळं बराचसा भाग वर पोचण्याआधीच मोडतो, म्हणून ओझोनला त्याचा त्रास आर-१२ च्या मानानं फार कमी. तरीही शून्य नाही. त्यालाही निरोप द्यायचं ठरलं, फक्त सावकाश. विकसनशील देशांसाठी २०१३ मध्ये वापर गोठवायचा, २०१५ पर्यंत दहा टक्के, २०२० पर्यंत पस्तीस आणि २०२५ पर्यंत साडेसदुसष्ट टक्के कपात करायची आणि २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा शिल्लक ठेवायचा, अशी त्याची पायऱ्यापायऱ्यांची उतरण आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रं बनवताना एचसीएफसी वापरायला मनाई आहे. ज्याच्या घरी आर-२२ चा एसी आहे त्यानं तो फेकून द्यावा, असं कुठलाही नियम म्हणत नाही. ही बंधनं वायूचं उत्पादन, आयात आणि नव्या यंत्रातला वापर यांच्यावर आहेत, घरातल्या चालू यंत्रावर नाहीत. या बाबतीत गोंधळ खूप आहे आणि काही विक्रेते तो वाढवतात.

आर-२२ च्या जागी कंपन्यांनी आर-४१०ए आणला. आर-३२ आणि आर-१२५ या दोन वायूंचं हे निम्मं-निम्मं मिश्रण. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळं ओझोनला धोका नाही. पण त्याचा दाब आर-२२ पेक्षा साठेक टक्क्यांनी जास्त, कंप्रेसरमधलं तेलही वेगळं. जुन्या यंत्रात तो भरता येत नाही, यंत्रच नवं लागतं. आणि ओझोनचा प्रश्न सुटत असताना दुसरा उभा राहिला. हे सगळे वायू उष्णता अडवून धरतात. कार्बन डायऑक्साइडची तापनक्षमता एक धरली, तर शंभर वर्षांच्या हिशोबानं आर-२२ ची १,८१० भरते आणि आर-४१०ए ची २,०८८. म्हणजे ओझोन वाचवायला निघालेलं जग तापमानवाढीच्या बाबतीत किंचित मागंच सरकलं होतं.

हे दुरुस्त करण्याचं काम किगालीत झालं. रवांडाच्या या राजधानीत रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर १५ ऑक्टोबर २०१६ रोजी माँट्रियल करारात दुरुस्ती मान्य झाली. आर-४१०ए सारखे, ओझोनला निरुपद्रवी असलेले एचएफसी वायूही आता कराराच्या कक्षेत आले. ही कपात नीट पार पडली, तर शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ अर्धा अंश तापमानवाढ टळू शकते. श्रीमंत देशांनी २०१९ पासून कपात सुरू करायची आणि २०३६ पर्यंत पंच्याऐंशी टक्क्यांवर न्यायची. चीन, ब्राझील आणि बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ मध्ये वापर गोठवायचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश अशा दहा उष्ण देशांना आणखी चार वर्षं मिळाली. आपल्याकडं २०२८ मध्ये वापर गोठेल, २०३२ मध्ये दहा टक्के, २०३७ मध्ये वीस, २०४२ मध्ये तीस आणि २०४७ मध्ये एकदम पंच्याऐंशी टक्के कपात. भारतानं ही दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर केली.

शेवटच्या पाच वर्षांतली ती उडी पाहा. तीसवरून पंच्याऐंशी. त्या वेळी जी यंत्रं बाजारात असतील, त्यांचे कारखाने आणि त्यांचे मेकॅनिक त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी तयार व्हायला हवेत. दूरची तारीख दिसते म्हणून निवांत बसावं, असं हे वेळापत्रक नाही.

त्यात आणखी एक बारकावा आहे. कपात कशातून मोजायची? भारताच्या बाबतीत २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांतल्या एचएफसी वापराची सरासरी आणि तिच्यात जुन्या एचसीएफसी वापराच्या पायाभूत आकड्याचा पासष्ट टक्के भाग मिळवून पाया ठरणार. म्हणजे या तीन वर्षांत ज्यानं जास्त वापरलं त्याची मर्यादा मोठी, आणि जो आधीच स्वच्छ वायूकडं वळला त्याची लहान. शहाण्याला शिक्षा देणारी ही रचना मला या कराराचा कमकुवत भाग वाटते. पण त्याच कराराची एक युक्ती फार चांगली आहे. मर्यादा किलोंत नसून कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेतल्या टनांत मोजतात. कुठला वायू वापरायचा ते देशानं ठरवावं. आर-४१०ए च्या एका किलोइतक्या मर्यादेत आर-३२ चे तीन किलो बसतात. आर-३२ ची तापनक्षमता ६७५ आहे आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी तो लागतोही कमी. घरोघरी एसी पोचवायचे आणि मर्यादाही पाळायची, या कसरतीत हे गणित निर्णायक आहे. भारतातल्या जवळजवळ सगळ्या कंपन्या खोलीच्या एसीत आर-३२ कडं वळल्या, त्याच्या बऱ्याच कारणांपैकी हे एक.

दुसरं कारण पेटंटचं. डायकिन या जपानी कंपनीनं २०१२ मध्ये आर-३२ वर चालणारा घरगुती एसी बाजारात आणला आणि २०१५ मध्ये त्याच्याशी संबंधित ९३ पेटंट जगभरच्या उत्पादकांना विनामूल्य खुली केली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, विक्रोळीच्या गोदरेजनं भारत-जर्मनी सहकार्यातून वेगळी वाट धरली आणि आर-२९० वर चालणारे एसी बाजारात उतरवले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याची तापनक्षमता जेमतेम ३. ओझोनला अपाय नाही, पेटंटची कटकट नाही, कार्यक्षमता उत्तम. एवढं सगळं असून तो सगळीकडं का पसरला नाही?

कारण तो पेटतो. शीतकांच्या सुरक्षावर्गात आर-२२ आणि आर-४१०ए ‘ए१’ मध्ये, म्हणजे न पेटणाऱ्यांत येतात. आर-३२ ‘ए२एल’ मध्ये येतो. तो पेटायला कठीण आणि पेटला तर सावकाश जळणारा. प्रोपेन ‘ए३’, सरळ ज्वालाग्राही. ही भीती खरी आहे, पण ती आकड्यांत मोजून घेतली पाहिजे. एक टनाच्या आर-२९० एसीत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन असतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. सगळा गॅस गळून हवेत सारखा मिसळला, तर घनमीटरमागं सुमारे दहा ग्रॅम भरतो. प्रोपेन पेट घ्यायला घनमीटरमागं किमान ३८ ग्रॅम लागतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये याच जातीचा गॅस १४.२ किलो असतो आणि आपण त्याच्या शेजारी रोज चूल पेटवतो. तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो, तिथं प्रमाण सरासरीच्या कितीतरी वर जाऊ शकतं. आणि सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तसा शीतकातल्या प्रोपेनला नसतो. म्हणून खोलीच्या आकारानुसार किती गॅस चालेल, याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकं घालून देतात. २०२२ मध्ये हे मानक सुधारलं आणि पुरेशा सुरक्षायोजना असतील, तर साध्या स्प्लिट एसीत जवळजवळ एक किलोपर्यंत प्रोपेन चालेल असं ठरलं. माझ्या मते छोट्या एसींसाठी पुढचा रस्ता इकडूनच जातो. आर-३२ हा मधला थांबा आहे. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याचे ६७५ दिसतात, पण हा वायू पाचेक वर्षांतच हवेतून नाहीसा होतो, त्यामुळं त्याचा सगळा ताप सुरुवातीलाच पडतो. वीस वर्षांच्या हिशोबानं मोजलं, तर हाच आकडा अडीच हजारांच्या आसपास जातो. आपल्याला उसंत हवी आहे ती याच वीस वर्षांत.

युरोप आणि अमेरिकेनंही आपापले उंबरठे घातले आहेत. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून नव्या घरगुती एसी यंत्रणांत ७०० पेक्षा जास्त तापनक्षमतेचं शीतक चालत नाही. युरोपीय संघाचा २०२४ चा कायदा तर २०५० पर्यंत एचएफसी पूर्ण थांबवायला निघाला आहे. गाड्यांच्या एसीत तिथं आर-१३४ए ची जागा आर-१२३४वायएफ या नव्या एचएफओ वायूनं घेतली. त्याची तापनक्षमता नगण्य आहे, पण हवेत मोडताना त्याचं ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल होतं, ते पावसाबरोबर उतरतं आणि पाण्यातून सहजासहजी जात नाही. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी २०२३ मध्ये न मोडणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांवर सरसकट बंधनांचा प्रस्ताव मांडला, त्यात असे वायूही येतात. म्हणजे तिसऱ्यांदा तेच घडू शकतं. नव्वद वर्षांत आपण विषारी वायू सोडून ओझोन पोखरणारे घेतले, ते सोडून पृथ्वी तापवणारे घेतले, आता पाण्यात साठणारे घेऊ पाहतो आहोत. प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड हे निसर्गात आधीपासून असलेले वायू हाताळायला अवघड आहेत, पण त्यांचे दोष आपल्याला आजच माहीत आहेत. माझ्या लेखी हा मोठा गुण आहे.

आता गळतीकडं येऊ. कारण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत चोख पोचतो, आणि पुढं यंत्राचं दहा-बारा वर्षांचं आयुष्य मेकॅनिकच्या हातात असतं.

नवा एसी बसवताना नळ्या जोडल्यावर आधी नायट्रोजन भरून दाब तपासायचा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, मग व्हॅक्यूम पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल पूर्ण काढायची आणि त्यानंतरच गॅस सोडायचा, ही पद्धत. प्रत्यक्षात एप्रिल-मे महिन्यात एका मेकॅनिकला दिवसात पाच-सहा घरं गाठायची असतात. पंप जड, चौथ्या मजल्यावर न्यायचा कोणी? मग गॅसच्याच दाबानं हवा बाहेर ढकलायची, थोडा गॅस वाया गेला तर गेला. दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचं यंत्र मिळतं, पण ते महाग, आणि ओढलेला गॅस विकत कोण घेणार? त्यामुळं व्हॉल्व्ह उघडून तो मोकळा सोडला जातो. ग्राहकालाही गळती शोधण्यात रस नसतो. भोक शोधून डाखण्यापेक्षा गॅस ‘टॉप-अप’ करणं स्वस्त आणि झटपट, संध्याकाळी खोली थंड झाली की झालं. दोष एकट्या मेकॅनिकवर टाकून चालणार नाही. जी मेहनत आपण बिलात मान्य करत नाही, ती तो करत नाही.

किनाऱ्यावरच्या शहरांत ही गळती आणखी लवकर सुरू होते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे झडतात आणि तांब्याच्या नळ्यांना गंज चढतो. सांडपाण्याच्या नाल्यालगतच्या इमारतींत तर हवेतला हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि कॉइलला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडतो. अशा ठिकाणी दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारी घरं आहेत.

याची किंमत मोजून पाहू. दीड टनाचा मध्यम कार्यक्षमतेचा एसी वर्षाला साधारण हजार युनिट वीज खातो असं धरू. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे वर्षाला ७०० किलो. आता एक किलो आर-२२ हवेत गेला, तर तो १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा: अडीच वर्षांच्या विजेइतका. आर-४१०ए असेल तर तीन वर्षांच्या. आर-३२ चे आठशे ग्रॅम गेले, तर ५४० किलो, म्हणजे नऊ महिन्यांची वीज. आणि साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन गेला, तर जेमतेम एक किलो. नियमांनी वायू बदलून किती मोठा फरक केला, ते या हिशोबात दिसतं. पण हेही दिसतं, की वायू जसजसा सौम्य होतो तसतसा विजेचा वाटा मोठा होत जातो. दहा वर्षांत हा एसी सात टन कार्बन डायऑक्साइड नुसत्या विजेतून सोडणार आहे. त्यात गॅस कमी असलेला एसी तेवढाच थंडावा द्यायला जास्त वेळ चालतो, जास्त वीज खातो. गळती अशी दोनदा भोवते.

नव्या वायूंबरोबर निष्काळजीपणाची शिक्षाही कडक झाली आहे. आर-२२ च्या काळातही चुकून हवा आत राहिली तर यंत्र नीट चालत नसे. यंत्र काढताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला जात असताना आत हवा शिरली, तर हवा आणि तेलाची वाफ कंप्रेसरमध्ये दाबली जाऊन तो फुटू शकतो, आणि आतला वायू पेटणारा असेल तर आगीची भर पडते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे जुन्या आर-२२ च्या यंत्रात प्रोपेनचं मिश्रण भरणं. दोघांचे दाब जवळपास सारखे असल्यानं यंत्र चालतं, थंडही होतं, शिवाय स्वस्त पडतं. पण त्या यंत्राचे रिले आणि स्विच ठिणगी न पाडण्यासाठी बनवलेले नसतात, बाहेरची पट्टी अजून ‘आर-२२’ म्हणत असते, आणि पुढच्या खेपेला येणारा मेकॅनिक तिच्यावर विश्वास ठेवून ब्रेझिंगचा टॉर्च पेटवतो.

२०१९ मध्ये जाहीर झालेला ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. थंडाव्याचा असा सर्वंकष राष्ट्रीय आराखडा करणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. २०३७-३८ पर्यंत शीतकांची मागणी पंचवीस ते तीस टक्क्यांनी आणि थंडाव्यासाठी लागणारी ऊर्जा पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी कमी करणं, आणि एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देणं, ही त्याची उद्दिष्टं. यातलं शेवटचं सर्वांत कमी चर्चिलं जातं, आणि त्यावरच बाकीची तरतात. प्रशिक्षित मेकॅनिकलाच गॅस विकता येईल, असा परवाना युरोपात आहे. आपल्याकडं गॅसचा डबा कोणीही दुकानातून उचलू शकतो. प्रमाणपत्राला बाजारात किंमत मिळाल्याशिवाय ते घेण्यासाठी आठवड्याची कमाई सोडायला कोणी तयार होणार नाही.

विजेच्या बाजूनं स्टार रेटिंगनं बरंच काम केलं आहे. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतो. तापमान एका अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण सगळ्यात स्वस्त बचत एसी लागूच नये किंवा लहान लागावा अशा घरात आहे: पश्चिमेच्या भिंतीवर सावली, गच्चीवर पांढरा थर, वारा आरपार जाईल अशा खिडक्या. विदर्भ-खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या आणि डेझर्ट कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर खोली थंड ठेवतात. शीतकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पाण्यालाही क्रमांक आहे, आर-७१८. मुंबईच्या दमट हवेत हे चालत नाही, तिथं एसीला घाम सुकवण्याचंही काम करावं लागतं. सगळ्या महाराष्ट्राला एकच उत्तर नाही, आणि शहरी सवयीनं नागपुरातही कूलरची जागा एसी घेतो आहे, हे मला नुकसान वाटतं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या एसींची संख्या १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जाईल, आणि त्या वाढीत भारताचा वाटा मोठा असेल. ही चैन म्हणता येणार नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात झोप, काम आणि म्हाताऱ्या माणसांचा जीव यांचा हा प्रश्न आहे. ज्यांच्या घरी आजवर एसी नव्हता त्यांनी तो घेऊ नये, असं सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून शेवटी आज भिंतीवर लटकलेल्या यंत्रांतल्या गॅसचं काय होतं, यालाच महत्त्व येतं. जुना एसी भंगारात जातो तेव्हा तांब्याच्या भावासाठी नळी करवतीनं कापली जाते आणि आतला वायू एका फुत्कारात निघून जातो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या एसीच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात, पण गल्लीतल्या भंगारवाल्यापर्यंत ही साखळी पोचायला हवी. गॅस परत दिल्याबद्दल किलोमागं ठरावीक रक्कम मिळाली, शहरागणिक तो शुद्ध करून पुन्हा भरणारी केंद्रं निघाली, तर नळी कापण्याआधी सिलिंडर जोडणं परवडेल. २०२८ नंतर नव्या एचएफसीचा पुरवठा गोठेल आणि पुढं घटत जाईल. त्या वेळी चालू असलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ च्या यंत्रांना दुरुस्तीसाठी लागणारा गॅस कारखान्यातून कमी आणि निकालात निघालेल्या जुन्या यंत्रांतूनच जास्त मिळवावा लागेल.